मृताचा मान आणि जिवंतांचे श्रम

मृताचा मान राखावा, हें कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु तो मान कोणाच्या पदरचें खर्चून राखावा, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

चीन देशांत शीआन शहराजवळ पहिला सम्राट छिन शी ह्वांग याची कबर आहे. तो इ. स. पू. २१० मध्यें वारला. इ. स. १९७४ मध्यें विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांस तेथें मातीचीं माणसें सांपडलीं, आणि मग एकामागून एक खड्डे उघडकीस आले. त्यांत अदमासें ८,००० मातीचे शिपाई असावेत. इतर खड्ड्यांत खरे घोडे पुरले असून त्यांच्याजवळ मातीचे मोतद्दार बसविले आहेत.

कोणी म्हणेल, मातीचे शिपाई पुरल्यानें कोणाचें काय बिघडलें? त्याच छिन राज्यांत पूर्वीं राजाबरोबर माणसांचा बळी देत. ती चाल इ. स. पू. ३८४ मध्यें मना करण्यांत आली. मग माती ही दयाच नव्हे काय? या म्हणण्यांत तथ्य आहे. तथापि मातीनें भागलें नाहीं. चिनी इतिहासकार सीमा छ्येन लिहितो कीं, सम्राटाच्या ज्या स्त्रियांस पुत्र नव्हता त्यांस त्याजबरोबर मारण्यांत आलें, आणि गुपित फुटूं नये म्हणून कारागिरांस कबरेंत कोंडण्यांत आलें. तेथें राबलेल्या मजुरांची संख्या तो ७ लाख देतो.

त्या मजुरांच्या कबराहि जवळच सांपडल्या आहेत. तेथें रथ नाहींत, शिपाई नाहींत. कांहीं प्रेतांबरोबर कौलाचा फुटका तुकडा ठेविलेला असून त्यावर मृताचें नांव व गांव कोरलें आहे. त्यांतील कित्येक सरकारचें देणें अंगमेहनतीनें फेडीत होते, असेंहि त्या अक्षरांवरून कळतें.

आतां वाचकांनीं हे दोन मान ताडून पाहावे. सम्राटाच्या कबरेचें काम तो तेरा वर्षांचा असतां, गादीवर येतांच सुरू झालें. म्हणजे तो मान शोक करणाऱ्यांनीं दिला नाहीं. मरणाऱ्यानेंच तो हुकुमानें वसूल केला. फुटक्या कौलावर मात्र कोणीतरी आपल्या हातानें नांव कोरलें, आणि त्यापायीं कोणाच्या तोंडचा घांस गेला नाहीं.

आपल्या घरीं मृत्यु येतो तेव्हां लोक काय म्हणतील या भयानें आपण खर्च करूं लागतों. अशा वेळीं आम्ही एवढेंच विचारूं: हें देणें प्रीतीचें आहे, कीं मागें राहिलेल्या लेंकरांच्या डोक्यावर बसविलेली पट्टी आहे?