समुद्रतळाची साक्ष

(वाचावयाचा भाग : योहान ९:१३-३४)



प्रभूनें जन्मांधास दृष्टि दिली, तेव्हां परूश्यांनीं त्यास दोनदां बोलावून खोदून खोदून विचारिलें. तो मनुष्य विद्वान नव्हता. जें ठाऊक होतें तें त्यानें सांगितलें, जें ठाऊक नव्हतें तें ठाऊक नाहीं म्हणून सांगितलें. आणि शेवटीं त्यास बाहेर घालविण्यांत आलें. ह्या अध्यायाजवळ ठेवण्याजोगी एक खरी हकीकत आज तुम्हांस सांगतों.

दुसऱ्या महायुद्धांत, ता. ६ डिसेंबर १९४१ च्या रात्रीं, ब्रिटिश आरमाराची 'पर्सियस' नांवाची पाणबुडी ग्रीस देशाच्या केफालोनिया बेटाजवळ पाण्यावर आली होती. (पाण्याखालीं ती विजेच्या साठ्यावर चाले; तो साठा पुन्हा भरावयास तिला रात्रीं वर यावें लागे.) इटालियन आरमारानें पेरलेल्या सुरुंगास ती लागली आणि तळाशीं गेली. आंत ६१ माणसें होतीं. त्यांपैकीं जॉन केप्स नांवाचा एक आगवाला तिच्या नोकरींत नव्हता; अलेक्झांड्रियास जाण्यासाठीं तो केवळ प्रवासी म्हणून बसला होता.

आंत काळोख, गार पाणी, कोंदलेली हवा. केप्सनें दिवा घेऊन पाहिलें, तों मागल्या भागांत तिघेच जिवंत, आणि तेही जखमी. त्यानें तिघांस श्वास घेण्याचीं यंत्रें बांधलीं, एक आपण बांधलें. वर समुद्राचा भार असतां पाणबुडीचें झांकण उघडत नाहीं. आंत पाणी घेऊन आंतला दाब बाहेरच्याइतका करावा लागतो. जें पाणी मारावयास आलें तेंच त्यानें आंत घेतलें. तिघांस आधीं बाहेर पाठविलें, मग आपण निघाला. वर आला तेव्हां तो एकटाच होता. सुमारें पांच मैल पोहून तो बेटाच्या कांठीं बेशुद्ध पडला, आणि सकाळीं दोघां कोळ्यांस सांपडला.

साठ गेले, एक उरला. असें कां? बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांविषयीं प्रभूनें जें शिकविलें (लूक १३) तें ज्यास ठाऊक आहे, तो असें म्हणणार नाहीं कीं हा एक नीतिमान होता व ते साठ पापी होते. त्या तिघांनींही तेंच यंत्र बांधलें होतें, त्याच झांकणांतून ते गेले होते. ह्याहून अधिक मला सांगतां येत नाहीं. आणि ज्या घरचें लेकरूं गेलें आहे त्या घरीं बसून कोणा उपदेशकानें याहून अधिक सांगूंही नये.

बेट तेव्हां इटालियन सैन्याच्या ताब्यांत होतें. तरी तेथल्या गरीब लोकांनीं त्या परक्यास अठरा महिने घरोघर लपविलें. सांपडला असता तर सबंध कुटुंबाच्या जिवावर बेतलें असतें. त्यांनीं त्यास एक गाढवीही दिली, पण तिला मारून खाणार नाहीं अशी शपथ घेवविली. असा तो उपासमारीचा काळ होता. मे १९४३ मध्यें एका मचव्यांतून त्यास तुर्कस्थानांत पोहोंचविण्यांत आलें.

पुढें त्यास पदक मिळालें खरें, पण पुष्कळांचा विश्वास बसेना. खलाशांच्या यादींत त्याचें नांव नाहीं, साक्षीदार कोणी नाहीं. झांकणें तर बाहेरून पक्कीं करून टाकण्याचा हुकूम होता. आणि खोली दाखविणारा कांटा २७० फुटांवर पाहिला असें तो सांगे. इतक्या खोलींतून कोण जिवंत येतो? ह्या सर्वांहून वाईट गोष्ट ही कीं, तो गोष्टी रंगवून सांगणारा म्हणून ओळखला जाई, आणि त्यानें स्वतः लिहिलेले वृत्तान्त तपशिलांत एकमेकांशीं जुळत नसत. १९८५ सालीं तो मरण पावला.

१९९७ सालीं कोस्तास थोक्तारीदिस ह्या ग्रीक पाणबुड्यानें व त्याच्या सोबत्यांनीं बुडालेल्या 'पर्सियस'ची पाहणी केली. झांकण उघडें होतें. केप्स ज्या रिकाम्या नळींत निजला होता ती त्यानें सांगितली तशीच होती. निघतेवेळीं ज्या बाटलींतून तो रम प्याला ती बाटलीही तेथेंच होती. (आपल्या मंडळींत दारूचें नांव रुचत नाहीं, हें मी जाणतों, पण जें सांपडलें तेंच लिहिलें पाहिजे.) खोली मात्र सुमारें १७० फूट निघाली. कांटाच चुकला होता. त्यानें पाहिलें तें सांगितलें होतें.

उपदेशक बंधूंनो, ही गोष्ट वाचून मला माझी एक जत्रा आठवली. प्रार्थनेनें एक मूल बरें झालें, तें मी तेथें लोकांस सांगत होतों. ताप तीन दिवसांचा होता. मीं सात दिवसांचा सांगितला, कां तर लोक तोंड उघडून ऐकत होते. गर्दींत त्या मुलाची आजी उभी होती. ती म्हणाली, "बाबा, तीनच दिवस हुता." लोक हंसले, आणि मूल बरें झालें होतें ही गोष्टही त्या हंसण्यांत बुडाली. पुढल्या वर्षीं त्याच झाडाखालीं मीं तीन दिवस म्हणून सांगितलें. थोडेच लोक थांबले. आजी त्या वर्षीं आली नव्हती.