अंगावर काढण्याचा वारसा

इंदापूरच्या बाजारात अनोळखी पोराला नावाआधी 'कुणाचा रे तू?' असं विचारतात. माणूस घराण्यावरून ओळखायची आपली जुनी खोड. मेलेनोमा या त्वचेच्या कर्करोगात डॉक्टरही तेच विचारतात, आणि तेही दोनशे वर्षांपासून. इंग्रज डॉक्टर विल्यम नॉरिस यांनी १८२० साली एका रुग्णाची हकिगत छापली, त्यात त्याच्या बापालाही हाच रोग झाल्याची नोंद केली. पुढे १९९४ मध्ये सीडीकेएन२ए हा जनुक सापडला. पेशींच्या बेलगाम वाढीला तो आवर घालतो. तो बिघडलेल्या घराण्यांत मेलेनोमाचा धोका वाढतो, स्वादुपिंडाच्या कर्करोगाचाही. मात्र घराण्यातून आलेला मेलेनोमा शंभरातल्या पाच-दहा रुग्णांचाच, आणि अशी घराणी बहुतेक गोऱ्या कातडीच्या लोकांतली.

बारामतीत कर्करोग म्हटला की शरद पवारांचं २००४ मधलं तोंडाचं ऑपरेशन आठवतं. तिथला आरोपी तंबाखू, हे ते स्वतःच जाहीर सांगतात. गोऱ्यांच्या मेलेनोमात आरोपी बहुधा ऊन. आपल्याकडे हा रोग विरळा; पण होतो तेव्हा बरेचदा तळपायाला किंवा नखाखाली, जिथे ऊन फारसं पोचत नाही. बोट दाखवावं असं कुणी सापडत नाही, म्हणून संशयही येत नाही.

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर रात्री उसाला दारं धरणाऱ्याच्या पायाला चिखल्या, भेगा, कुरूप, मोडलेला काटा, सगळं नेहमीचंच. त्यातच एखादा काळा डाग असतो: कडा वेड्यावाकड्या, रंग कुठे गडद कुठे फिका, महिन्यागणिक पसरणारा. 'रक्त साकळलं असेल' म्हणत कुणी ब्लेडनं तासतो, कुणी बिब्बा लावतो.

डाग लवकर दाखवला, तर बायोप्सी करून भोवतालच्या एक-दोन सेंटिमीटर चांगल्या कातडीसह तो काढला की बहुतेकदा भागतं. त्याची खोली मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि पुढचं बरंचसं त्यावरच ठरतं. रोग पसरल्यावर इम्युनोथेरपी आहे. तिच्या मुळाशी असलेल्या शोधासाठी ॲलिसन आणि होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. पण तळपायाच्या मेलेनोमाला ती तितकीशी लागू पडत नाही, आणि तिचा खर्च उसाच्या बिलात बसत नाही.

घरात दोघा-तिघांना मेलेनोमा झाला असेल, तर बाकीच्यांनी तपासणी आणि जनुकीय सल्ला घ्यावाच. पण आमच्या घरांतून बापाकडून लेकाकडे हमखास उतरतं ते वेगळंच: पायाचं दुखणं अंगावर काढणं. जनुकाचा वारसा नाकारता येत नाही, हा येतो.