पारख केल्यावांचून



गेल्या फाल्गुनांत आमच्या घरीं दूरचित्रवाणीचा नवा रिसीव्हर बसविला गेला. ही वर्तमानपत्रांत लिहिण्याजोगी गोष्ट नव्हे असें पुष्कळांस वाटेल, व तें खरेंही आहे. खेड्यापाड्यांतील पत्र्याच्या छपरांवर आतां डिशा दिसतात आणि त्यांचें कोणास नवल राहिलेलें नाहीं. परंतु ह्या लहानशा यंत्रापायीं आमच्या हातून एका गरीब मुलावर अन्याय घडला. तो चारचौघांत घडला, म्हणून त्याची हकीकतही चारचौघांत सांगणें आम्हांस भाग आहे.

आमच्या मातुश्रींची दृष्टि मंदावली असून त्यांस अलीकडे वाचवत नाहीं. सह्याद्री वाहिनीवरील मराठी बातम्या ऐकाव्या, आकाशवाणीचीं गाणीं ऐकावीं, एवढीच त्यांची इच्छा. दरमहा पैसे भरण्याची आमची ऐपत नसल्यामुळें प्रसार भारतीची फ्री डिश घ्यावी असें ठरलें. ही सेवा डिसेंबर २००४ मध्यें निराळ्या नांवानें सुरू झाली होती. तिला महिन्याचें भाडें नाहीं; डिश, केबल व बॉक्स एकदां विकत घेतला कीं झालें. तालुक्याच्या बाजारांतून हें सामान आणिलें, आणि तें बसविण्यास दुकानांतला एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा सायकलवरून आला.

डिश बसविणें म्हणजे काय, हें आम्हीं त्या दिवशीं प्रथमच जवळून पाहिलें. ज्या उपग्रहाकडे तिचें तोंड करावयाचें त्याचें नांव जीसॅट-१५. तो नोव्हेंबर २०१५ मध्यें दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गयाना येथून सोडण्यांत आला. विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटर उंच अशी त्याची जागा आहे. तितक्या उंचीवर पृथ्वीला एक फेरी घालण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळांत पृथ्वीही स्वतःभोंवतीं एकदां फिरते. त्यामुळें तो आपणांस आकाशांत एकाच ठिकाणीं खिळल्यासारखा होतो. अशा उपग्रहांवरून सर्व जगांत संदेश पोंचवितां येतील, हा विचार आर्थर क्लार्क ह्या इंग्रज लेखकानें १९४५ सालींच एका मासिकांत मांडिला होता, जेव्हां एकही उपग्रह आकाशांत नव्हता. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतून जीसॅट-१५ आग्नेय दिशेस, क्षितिजापासून सुमारें ५९ अंश वर येतो. डोळ्यांस अर्थात् तो मुळींच दिसत नाहीं. न दिसणाऱ्या वस्तूकडे नेम धरून तो लोखंडी क्लॅम्प आवळावयाचा असतो.

नेम किती बारीक धरावा लागतो, हें त्या मुलानें आम्हांस आपल्या बोटांनीं दाखविलें. आमची डिश साठ सेंटीमीटर व्यासाची. तिची एक कड दुसऱ्या कडेच्या मानानें केवळ एक सेंटीमीटर पुढें सरकली, तर नेम जवळजवळ एक अंशानें चुकतो. आणि येथील एक अंश म्हणजे तेथें, उपग्रहाच्या उंचीवर, सहाशे किलोमीटरांहून अधिक अंतर. ९५ अंशांवर, म्हणजे अगदीं शेजारीं, खाजगी कंपनीच्या सेवेचे उपग्रह आहेत. पान्याचा अर्धा वेढा कमी-अधिक झाला कीं डिश भलत्याचेंच ऐकूं लागते.

ह्या बाबतींत पूर्वींच्या लोकांचे कष्ट आठवले म्हणजे आपली लाज वाटते. १९७५ च्या ऑगस्टपासून एक वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ ह्या उपग्रहाच्या साहाय्यानें आपल्या देशांतील सहा राज्यांच्या सुमारें २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी दाखविण्यांत आली. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. त्या डिशा तीन मीटर रुंद असून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या केलेल्या होत्या. एका डिशेपुढें सगळा गांव बसे. आम्हांस मात्र घरच्या घरीं अर्ध्या तासाचा उशीर सोसवला नाहीं. तो प्रकार आतां सांगतों.

मुलानें डिश भिंतीवरील पाइपाला बसविली, केबल खालीं सोडली, बॉक्स टीव्हीला जोडला आणि पडद्यावर दोन पट्ट्या काढिल्या. एकीवर स्ट्रेंग्थ असें लिहिलेलें होतें व दुसरीवर क्वालिटी. पहिली पट्टी एकदम ऐंशींवर गेली. आम्हीं आनंदानें म्हटलें, "लागलें कीं रे!" तो हंसला व म्हणाला, "मास्तर, ही पट्टी भिंतीकडे डिश केली तरी भरते. खरी ती खालची." आणि खालची पट्टी तर शून्यावर होती.

हा भेद आमच्या वाचकांनीं नीट समजून घ्यावा, कारण घरोघर लोक येथेंच फसतात. डिशेसमोर काठीच्या टोंकाला जो एलएनबी असतो, तो आकाशांतून आलेली क्षीण लहर वाढवून केबलीनें खालीं पाठवितो. पण त्याबरोबर स्वतःचा गोंगाटही वाढवून पाठवितो. केबलीनें एकंदर किती जोर येत आहे तेवढें पहिली पट्टी सांगते. त्या जोरांत आपणांस हवा असलेला संदेश आहे कीं नुसता गोंगाट, हें दुसरी पट्टी सांगते. आम्हीं अनेक प्रार्थनासभा पाहिल्या आहेत व कांहीं चालविल्याही आहेत, आणि पहिली पट्टी भरलेली व दुसरी रिकामी असा देखावा आम्हांस नवीन नाहीं. पण तें असो.

छपरावर तो व खालीं आम्ही, अशी हांकाहांक पाऊण तास चालली. डिश तसूभर डावीकडे, तसूभर उजवीकडे, मग किंचित् वर. शेवटीं खालची पट्टी उठली, वीसांवर आली, पंचेचाळिसांवर थांबली, आणि चित्र उमटलें. इतकें स्वच्छ चित्र कीं मातुश्रींनीं हात जोडले. मुलगा वरून म्हणाला, "मास्तर, क्वालिटी पंचेचाळीसच आहे. अजून अर्धा तास द्या, साठाच्या वर नेतों." आम्हीं म्हटलें, "अरे, चित्र दिसतें आहे ना? मग झालें. आम्हांस सभेला जावयाचें आहे, उतर." अंगणांतील निंबाकडे बोट करून तो आणखी कांहीं सांगणार होता, परंतु आमचें लक्ष घड्याळाकडे होतें. त्यानें नट आवळले, पैसे घेतले व तो गेला.

आमची चूक ह्या ठिकाणीं झाली, आणि ती ओळखण्यास आम्हांस दोन महिने लागले. जुन्या काळच्या टीव्हीवर सिग्नल कमी झाला कीं चित्रांत पांढरे ठिपके पडत, मुंग्या धांवल्यासारखें दिसे, आवाज खरखरे. म्हणजे बिघाड येण्याआधीं सूचना मिळे. आतांच्या पद्धतींत तसें नाहीं. सिग्नल पुरेसा असेपर्यंत चित्र पूर्ण स्वच्छ, आणि त्याहून रेसभर कमी झाला कीं चौकोनी तुकडे होऊन चित्र गोठतें. कड्याच्या कांठापासून हातभर अंतरावर चालणारा आणि एक मैलावर चालणारा, दोघेही सारखेच सुखरूप दिसतात. आम्ही कांठावर होतों व तें आम्हांस एका मुलानें सांगितलें होतें.

वैशाखांत चित्र मोडूं लागलें. सकाळीं वारा नसतां बरें चाले. दुपारीं वारा सुटला कीं बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा चौकोनांत फुटे आणि आवाज तुटे. मातुश्री म्हणत, "बाबा, त्या पोराला एकदां बोलावून तर घे." आम्हीं बोलाविलें नाहीं. आमच्या मनांत निराळेंच आलें होतें. खोका नवा, आंतला बॉक्स कोणाचा तरी वापरून परत आलेला, असा धंदा बाजारांत चालतो असें आम्हीं ऐकिलें होतें. आणि ऐकिलेल्या गोष्टीस मनांत जागा मिळाली कीं ती लवकरच पाहिलेल्या गोष्टीसारखी दिसूं लागते. एके दिवशीं पिठाच्या गिरणीपुढें तो मुलगा सायकलवरून जातांना दिसला. सात-आठ माणसें दळणासाठीं बसलीं होतीं. त्यांच्यादेखत आम्हीं त्यास थांबविलें, जुना बॉक्स नवा म्हणून आमच्या गळ्यांत बांधलास असें म्हटलें, आणि आणखीही एक शब्द वापरला तो येथें लिहीत नाहीं. खोट्या साक्षीविषयींची आज्ञा आम्हांस लहानपणापासून पाठ आहे. आम्हीं ती इतरांस शिकविलीही आहे.

मुलाचा चेहरा उतरला, पण तो उलट बोलला नाहीं. सायकल गिरणीच्या भिंतीला टेंकून तो आमच्याबरोबर घरीं आला व म्हणाला, "मास्तर, बॉक्स मी हातांत घेत नाहीं. तुम्हीच काढा आणि शेजारच्या काकांकडे त्यांच्या केबलीला लावून पाहा. आधीं बटण बंद करा मात्र. ह्या केबलींतून वर एलएनबीला तेरा नाहींतर अठरा व्होल्ट वीज जाते, चालू असतांना पिन काढूं नये." आम्हीं आमच्या हातानें बॉक्स काढिला, शेजारीं नेला, लाविला. दिवसभर चालविला. एकही तुकडा पडला नाहीं. मग त्याच्या सांगण्यावरून शेजाऱ्यांचा बॉक्स आमच्या केबलीला लाविला, आणि दुपारचा वारा सुटतांच त्यांच्या बॉक्सावरही चित्र तसेंच मोडलें.

वाचकहो, आम्हांस त्या वेळीं काय वाटलें असेल तें लिहिण्याची गरज नाहीं. ही पारख करण्यास फार तर एक दिवस लागला. पैसा एक लागला नाहीं. तिला लागणारी विद्याही आमच्यापाशीं होती. दोन महिने आम्हीं ती केली नाहीं, कारण संशय धरून बसणें त्याहून सोपें होतें.

दुसऱ्या दिवशीं तो पुनः आला व एकेक वस्तु वेगळी करून पाहूं लागला. दोन गोष्टी एकदम बदलावयाच्या नाहींत, असा त्याचा नियम होता. नाहींतर दोष कशांत होता तें कळतच नाहीं. प्रथम केबलीच्या दोन्ही टोंकांच्या पिना उघडून, बाहेरच्या जाळीची एखादी तार मधल्या तांब्याच्या तारेला चिकटली आहे काय हें पाहिलें. तसें नव्हतें. मग तो आम्हांस घेऊन छपरावर चढला. आम्ही म्हणालों, "समोर तर आकाश मोकळें आहे." आणि तें मोकळें होतेंच; डिशेचें तोंड ज्या बाजूस दिसतें तेथें ना झाड ना घर. त्यानें हंसून वर बोट केलें.

ह्या लहान डिशा सरळ वाटीसारख्या नसून तिरप्या कापलेल्या असतात. त्यांचें तोंड जेथें आहे असें आपणांस वाटतें, त्याच्याहून पंचवीसएक अंश वरून त्या ऐकतात. आमची डिश समोरच्या रस्त्यापलीकडे पाहत असल्यासारखी दिसे, परंतु तिचें लक्ष होतें पार डोक्यावर, जेथें निंबाची एक फांदी छपरावर आली होती. फाल्गुनांत पानगळ होऊन ती फांदी उघडी होती. चैत्रांत पालवी फुटली, वैशाखांत ती दाट झाली, आणि ओल्या पानांतून ती बारीक लहर पार होईना. वारा सुटला कीं फांदी हाले व चित्र मोडे. बसविण्याच्या दिवशीं तो निंबाकडे बोट करून हेंच सांगणार होता.

फांदी आम्हींच तोडली. नंतर त्यानें नट सैल करून, डिश केसभर फिरवून व एलएनबी त्याच्या कड्यांत किंचित् वळवून खालची पट्टी अठ्ठ्याहत्तरांवर नेली. ह्या वेळीं आम्हीं घड्याळ पाहिलें नाहीं. मुसळधार पावसांत कांहीं मिनिटें चित्र जाईल, पाण्याचे थेंब ह्या लहरी गिळतात, त्यास उपाय नाहीं, हेंही त्यानें बजाविलें. मृगाचा पहिला मोठा पाऊस आला तेव्हां तसें झालें आणि आम्हीं कोणासही बोल लाविला नाहीं.

घरांत क्षमा मागून भागलें असतें तर आमची सुटका स्वस्तांत झाली असती. मातुश्रींनीं तसें होऊं दिलें नाहीं. "शब्द गिरणीपुढें बोललास ना?" एवढेंच त्या म्हणाल्या. त्या शनिवारीं दळणाच्या वेळीं आम्ही गिरणीपुढें जाऊन उभे राहिलों. ऐकणारे सात-आठ होते त्यांतले पांच तेथें होते. राहिलेल्यांच्या घरीं आम्ही मागाहून गेलों. त्यांतील एकानें ती गोष्ट बाजारांत आणखी दोघांस सांगितली होती, आणि ते दोघे कोण हें त्यास आठवेना. मुलाला आम्हीं मुद्दाम बोलावून घेतलें होतें. आम्ही काय बोललों तें त्यानें खालीं मान घालून ऐकलें. लोकांसमोर उभें राहणें त्यास आमच्याहून जड जात असावें. आमचें बोलणें संपल्यावर त्यानें सायकलीची घंटी उगाच एकदां वाजविली आणि विचारलें, "मास्तर, माझा बारा-तेराचा पाना तुमच्या छपरावर राहिला आहे का?"

तो तेथेंच होता. आम्ही घरून घेऊन आलों व त्याच्या हातीं दिला.