गवय पाहिलेला माणूस

न्यायशास्त्रात एक शहरी माणूस आहे. त्याने गवय नावाचा प्राणी कधी पाहिलेला नाही. रानात राहणारा कुणी त्याला सांगतो की गवय गायीसारखा असतो. पुढे हा रानात जातो, गायीसारखं पण गाय नसलेलं एक जनावर समोर उभं राहतं, आणि त्याला कळतं की गवय म्हणतात तो हाच. या कळण्याला नैयायिकांनी उपमान म्हटलं आणि प्रत्यक्ष, अनुमान, शब्द यांच्या पंगतीत स्वतंत्र प्रमाण म्हणून बसवलं. बी.ए.ला तत्त्वज्ञान होतं तेव्हा मला ही उगाच केलेली भर वाटायची. नाव आणि वस्तू यांची गाठ पडली, एवढंच ना? त्याला वेगळं प्रमाण कशाला? परीक्षेत टीप लिहिली, मार्क मिळाले, गवय रानात राहिला.

तो परत भेटला पालीत, सुक्या मासळीचं ॲप काढायला घेतलं तेव्हा.

पाली भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तन आणि चौकच्या शेजारी. कागदोपत्री महापालिका, प्रत्यक्षात कोळीवाडा. पावसाळा सरला की किनाऱ्यावर वलांड्या उभ्या राहतात, त्यावर बोंबील वाळतात, आणि भाव व्यापारी ठरवतो. सुकवणाऱ्या बायकांचा माल थेट गिऱ्हाइकाकडे जावा, इतकी साधी आमची कल्पना. पैसे माझे आणि वहिनीचे. कोड दोघींपैकी एकीलाही येत नाही. त्यामुळे मी शब्द गोळा करायला लागले: फ्रंटएंड, बॅकएंड, वायरफ्रेम, प्रोटोटाइप, एपीआय, स्टेजिंग, प्रॉडक्शन, टेक्निकल डेट. एपीआय म्हणजे हॉटेलातला वेटर, असं जिथे पाहावं तिथे लिहिलेलं. तुमची ऑर्डर आत नेतो, ताट बाहेर आणतो. हा वेटर मला इतक्यांदा भेटला की त्याला टीप द्यावीशी वाटू लागली. पण एपीआय काही दिसला नव्हता. वही भरली होती, आणि वहीत सगळी रानातल्या माणसाची वाक्यं होती.

न पाहिलेली वस्तू नुसत्या शब्दातून कळते का, हा प्रश्न संत ऑगस्टीनलाही पडला होता. आमच्या चर्चमध्ये त्याचं नाव ऐकून सगळ्यांना ठाऊक, त्याचं पुस्तक उघडणारे थोडे. ३८९च्या सुमारास त्याने ‘दे माजिस्त्रो’ लिहिलं. गुरूविषयीचा हा संवाद आहे, आणि समोर त्याचा स्वतःचा मुलगा, अदेओदातुस. त्यात तो दानिएलच्या ग्रंथातला एक अनोळखी शब्द घेतो, कुठल्याशा पेहरावाचा, आणि विचारतो की ती वस्तू मी पाहिलेली नसेल तर या आवाजातून मला काय कळलं? त्याचं उत्तर कडक आहे: शब्द फार तर बघायला लावतात, शिकवत नाहीत. मुलाच्या तोंडी घातलेले विचार खरोखर त्या सोळा वर्षांच्या पोराचेच होते, असं त्याने पुढे नमूद केलं. तोवर पोरगा गेलेला होता.

स्टेजिंग मला कळलं ते असं. आमचं काम करणारा मुलगा लॅपटॉप घेऊन घरी आला होता. त्याने एकाच ॲपच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. रंग तेच, बटणं तीच, फक्त वरचा पत्ता वेगळा. म्हणाला, “ताई, यात ऑर्डर टाका.” मी दोन किलो सुके बोंबील टाकले, पत्ता चौकचा, पैसे भरल्याची हिरवी खूणही आली. एका खिडकीतल्या यादीत ऑर्डर दिसली. दुसरीतली यादी होती तशीच.

“मग ही ऑर्डर कुणाला गेली?”

“कुणालाच नाही. म्हणून तर स्टेजिंग. इथे काय हवं ते मोडा, खऱ्या गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही.”

वहीतली व्याख्या चूक नव्हती, पण तिला आता कुठे जनावर मिळालं. उपमानाला वेगळा पाट का दिला ते त्या दिवशी पटलं.

पण सगळंच दाखवता येत नाही. टेक्निकल डेट या शब्दामागची कर्जाची उपमा वॉर्ड कनिंगहॅमने १९९२मध्ये वापरली, तीही पैशांच्या व्यवहाराचं सॉफ्टवेअर करताना. विषय नीट उमगायच्या आधी कोड लिहून बाजारात आणणं म्हणजे कर्ज काढणं. नंतर ते नीट लिहून फेडलं नाही तर पुढच्या प्रत्येक कामावर व्याज चढतं. हे कर्ज कुठल्या खिडकीत दाखवणार? कोड उघडून दिला तरी मला त्यात काय दिसणार? इथे रानात जायची वाटच नाही. उरतो तो सांगणाऱ्याचा शब्द.

आणि शब्दाबद्दल आपल्याकडे जुना वाद आहे. वैशेषिक आणि बौद्ध म्हणतात की शब्द हे वेगळं प्रमाण नाहीच. माणूस भरवशाचा आहे, म्हणून तो सांगतो ते खरं असेल, हे शेवटी अनुमान. नैयायिक म्हणतात, वेगळं आहे. मात्र ते कुणाच्याही शब्दाला प्रमाण मानत नाहीत. तो आप्ताचा असावा लागतो. वात्स्यायनाच्या भाष्यात आप्त कोण? ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे, आणि जाणली तशी सांगायची ज्याला इच्छा आहे. मग तो जोडतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू. मी कोळ्याची, त्यात ख्रिस्ती. हे वर्गात कुणी ठासून सांगितलं असतं तर मी पुढच्या बाकावर बसले असते.

यातली दुसरी अट जड आहे. आधी आम्ही अंधेरीच्या एका कंपनीला काम दिलं होतं. त्यांना येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण उशीर का झाला विचारलं की उत्तर एकच, “रिफॅक्टरिंग चालू आहे.” शब्द खरा, काम कदाचित तेही खरं. सांगायची इच्छा तेवढी नव्हती.

माझी आई कधी समुद्रावर गेली नाही. मासळी घेताना मात्र ती पाटीपुढे बसून विचारायची, “कंच्या पान्याचं म्हावरं?” डोलीचं जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतं, उधाणात ओढ जोरात, भांगाला पाणी मंद. तिला तिथी ठाऊक, पाण्याचे शब्द ठाऊक. उत्तर ऐकताना तिचा अंगठा बोंबलाच्या पोटावर असायचा. तांडेलाची विद्या तिच्याकडे नव्हती आणि तिने ती असल्याचा आवही आणला नाही. प्रश्न विचारण्यापुरते शब्द होते. विचारल्यावर जो चिडायचा, त्याच्याकडून ती घ्यायची नाही.

ईस्टरनंतरच्या रविवारी चर्चमध्ये दरवर्षी थोमाची गोष्ट वाचतात आणि प्रवचनात बहुधा थोमालाच बोलणी बसतात. बाकीचे शिष्य सांगतात, आम्ही प्रभूला पाहिलं. हा म्हणतो, जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही. न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, हे वाक्य पुढे येतं, आणि आम्ही सगळे त्यातच मोडतो. साक्षीदारांच्या शब्दावर मिस्साला जाणारी मी, स्टेजिंगवर दाखव म्हणून हटून बसते. विसंगती आहे का? मला वाटत नाही. आठ दिवसांनी थोमासमोर हात पुढे केला गेला, हे लोक विसरतात. आधी दाखवण्याची तयारी, बोल नंतर. माझ्यासारख्या न पाहणाऱ्यांचा विश्वास मला त्या पुढे केलेल्या हातावर उभा दिसतो. नुसतं ‘विश्वास ठेवा’ म्हणणारे पुष्कळ असतात.

म्हणून आता मी कोड शिकायच्या भानगडीत पडत नाही. शब्द शिकते ते विचारता यावं म्हणून, आणि विचारल्यावर माणूस काय करतो ते पाहते. ‘मला माहीत नाही’ म्हणतो का? दाखवण्यासारखं असेल तर दाखवतो का?

सध्या डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचा आहे. किती दिवस लागतील विचारलं तर मुलगा म्हणाला, “आत गेल्याशिवाय सांगता येणार नाही, ताई. बिघडलं तर रोलबॅक करू.” रोलबॅक वहीत आहे, पाहिलेला नाही. आधी तो स्टेजिंगवर करून दाखव म्हटलं, तो लगेच हो म्हणाला. मी तेवढ्यावर पैसे पाठवायला निघाले होते. वहिनीने फोन हातातून घेतला आणि अर्धे आत्ता, अर्धे काम झाल्यावर असं ठरवून टाकलं. ती वैशेषिकांच्या बाजूची.