दोन तलांत, एकच दास

सामान्य काळातील ३३ वा रविवार



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय २५:१४-३०) प्रभू येशू तलांतांचा दाखला सांगतात. त्या काळी एक तलांत म्हणजे मजुराची जवळजवळ २० वर्षांची कमाई. पाच तलांतवाल्याचे आपण कौतुक करतो, एकवाल्याला दोष देतो. मधला, दोन तलांतांचा दास मात्र दुर्लक्षित राहतो. त्याने एक तलांत व्यापारात घालून दुसरा 'नंतर बघू' म्हणून पुरून ठेवला नाही. दोन्ही कामाला लावले.

आपल्या घरांत काय होते? मुलाला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला की कीबोर्डवर कापड पडते. संगणकावर रचलेल्या चाली अर्धवट राहतात. "आधी शिक्षण पूर्ण कर," हे आईवडील काळजीपोटीच म्हणतात. फी भरताना त्यांनी काय सोसले, हे मुलालाही ठाऊक असते. म्हणूनच पुन्हा संगीताकडे वळताना आपण चोरी करतो आहोत, असे त्याला वाटते.

अशा मुलांसाठी आणि पालकांसाठी एक उदाहरण. जर्मन संगीतकार कार्लहाइन्झ श्टॉकहाउझन यांचा जन्म १९२८ चा. मानसिक आजारामुळे रुग्णालयात असलेल्या त्यांच्या आईला नाझी राजवटीने १९४१ मध्ये ठार मारले. वडील युद्धावरून परतलेच नाहीत. कोलोनच्या संगीत महाविद्यालयातील शिक्षण १९५१ मध्ये संपल्यावर त्यांनी तिथल्या रेडिओ केंद्राच्या स्टुडिओत १९५३ आणि १९५४ साली इलेक्ट्रॉनिक संगीताच्या दोन रचना केल्या. मग ते पुन्हा विद्यार्थी झाले. १९५४ ते १९५६ या काळात त्यांनी बॉन विद्यापीठात वेर्नर मायर-एप्लर यांच्याकडे ध्वनिशास्त्राचा अभ्यास केला.

मधल्या काळात ते वाद्यांसाठी लिहीत होते. पण अभ्यास चालू असतानाच, १९५५ मध्ये, ते इलेक्ट्रॉनिक संगीताकडे परतले. स्वर आणि व्यंजने कशी घडतात, हे ते विद्यापीठात शिकत होते. तेच ज्ञान त्यांनी स्टुडिओत वापरले. बारा वर्षांच्या एका मुलाचा आवाज त्यांनी ध्वनिफितीवर घेतला आणि यंत्रातून निघणाऱ्या स्वरांशी त्याचा मेळ घातला. सुमारे १३ मिनिटांची ही रचना ३० मे १९५६ रोजी कोलोनमध्ये प्रथम सादर झाली.

आणि शब्द कोणते निवडले? दानिएलाच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायातले, धगधगत्या भट्टीतल्या तीन तरुणांचे स्तुतिगीत! आपल्या ख्रिस्तसभेच्या प्रभातवंदनेत रविवारी म्हटले जाते, तेच. श्टॉकहाउझन तेव्हा श्रद्धावान कॅथलिक होते. पुढे त्यांची वाट बदलली. पण या रचनेत शब्द कधी विखुरतात, कधी जुळून येतात, आणि जुळतात तेव्हा कानी पडते ती देवाची स्तुती.

बंधुभगिनींनो, त्या गीतात सूर्य-चंद्र, अग्नी आणि हिम, सगळ्यांना स्तुतीसाठी बोलावले आहे. मग माणसाच्या बुद्धीने घडवलेल्या यंत्राचा स्वर तेवढा परका का मानावा? आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. भट्टी विझेपर्यंत ते तरुण गायचे थांबले नाहीत. परीक्षेची भट्टी नबुखद्‌नेस्सरच्या भट्टीइतकी भयंकर खचितच नसते.

याचा अर्थ पुस्तके बाजूला सारा असा नव्हे. अभ्यास हाही मालकानेच सोपवलेला तलांत आहे. तो पुरणारादेखील आळशी दासच ठरेल. प्रत्येकाचा अभ्यास संगीताला पूरक असेल असेही नाही. तेव्हा आठवड्यातला एखादा तास ठरवा, तो आईवडिलांना सांगा आणि पाळा. लपूनछपून केलेले काम मनाला खात राहते. सांगून केलेल्या कामाला घरचा आशीर्वाद मिळतो. पालकांनो, त्या एका तासाला 'वेळ फुकट घालवतोस' म्हणू नका. दाखल्यातल्या तिसऱ्या दासाने तलांत पुरला, तो मालकाच्या भीतीने. आपल्या मुलांना आपली अशी भीती वाटू नये.

मालक परत येईल तेव्हा तो पदवीचा कागद आणि संगीताची वही वेगवेगळी तपासणार नाही. त्याने दिले होते ते सारे कामाला लागले की नाही, एवढेच विचारील.

हे प्रभू, तू आम्हांला सोपवलेले काहीही आम्ही भीतीपोटी पुरून ठेवू नये, अशी कृपा कर. आमेन.