परकी ठेव

पैसे मोजून घेतलेली वस्तू सर्वस्वी आपली होते, ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की तिचा पुरावा मागणारास लोक वेड्यात काढतील. घोडा घेतला की त्याची चाल आपली, घर घेतले की त्याचा उंबरठा आपला. व्यवहारात हा हिशेब बहुधा चुकत नाही. परंतु काही वस्तूंबरोबर विक्रेत्यास विकता न येणारे व घेणारास घेता न येणारे असे काहीतरी चालत येते. ते बाजूला काढून ठेवता येत नाही आणि परत कोणाच्या हाती द्यावे हेही उमगत नाही. अशा वेळी घेणाऱ्याचे कर्तव्य काय? या प्रश्नाचा विचार करण्यास मला एक उदाहरण फार सोयीचे वाटते. वरवर पाहता ते थोडे हास्यास्पदही आहे. ते उदाहरण अमेरिकेतील असून शाळेच्या जुन्या बसगाडीचे आहे.

संयुक्त संस्थानांत मुलांना शाळेत पोहोचवण्यासाठी सुमारे पाच लाख पिवळ्या बसगाड्या धावतात. बारा-पंधरा वर्षे झाली की शाळांची मंडळे त्या लिलावात काढतात. नव्या गाडीच्या किमतीच्या मानाने जुनी गाडी कवडीमोल मिळते. म्हणून प्रार्थनामंदिरे, शेतकरी, फिरते नाटकवाले आणि अलीकडे तर आसने उपटून तिचे चालते घर करू पाहणारी तरुण जोडपीदेखील ती विकत घेतात. लिलाव एका राज्यात आणि घेणारा दुसऱ्यात, असे पुष्कळदा होते. मग हा गृहस्थ विमानाने किंवा आगगाडीने तेथे जातो, सोबत हत्यारांची पिशवी नेतो, कागदांवर सही करतो आणि जिचा स्वभाव त्यास मुळीच ठाऊक नाही अशी ती पस्तीस-चाळीस फुटांची गाडी हजार-दीड हजार मैल हाकीत घरी आणतो.

हा प्रवास सोपा नसतो. ज्या गाडीने सारा जन्म एका तालुक्याएवढ्या मुलुखात, दर फर्लांगाला थांबत, सकाळ-संध्याकाळ तीच फेरी घालण्यात घालवला, तिला आता उतारवयात दूरच्या यात्रेस निघावयाचे असते. तिच्या दंतचक्रांची योजनाच थांबत-थांबत चालण्यासाठी केलेली. तासाला ५५-६० मैलांपलीकडे तिची मजल बहुधा जात नाही. चढावर एंजिन तापते. उतारावर ब्रेक सारखे दाबून धरले तर तेही तापून निकामी होतात, म्हणून खालच्या गिअरात गाडी आवरीत उतरावे लागते. वर्षानुवर्षे टाकीच्या तळाशी निवांत बसलेला गाळ खडखडाटाने ढवळून निघतो आणि तेलाची गाळणी तुंबते. टायर वरून गुळगुळीत, काळेभोर दिसतात. पण त्यांच्या कुशीवर चार आकडे उठवलेले असतात. ‘१४०९’ म्हणजे २००९ सालचा चौदावा आठवडा. पुढच्या चाकाचे रबर आतून कुजलेले असले आणि ते भर वेगात फुटले, तर हाकणाऱ्याच्या हाती फार थोडे उरते. जाणता मनुष्य म्हणूनच किल्ली फिरवण्यापूर्वी वाकून ते आकडे वाचतो.

लोखंडाच्या बाबतीत अज्ञानाची किंमत काय पडते, याचे एक भीषण उदाहरण केंटकी राज्यात कॅरलटन गावाजवळ घडले. १४ मे १९८८ च्या रात्री, शाळेतून निवृत्त झालेली आणि नंतर एका प्रार्थनामंदिराने वापरात ठेवलेली बस मुले घेऊन परतत होती. मद्यधुंद मनुष्याने उलट्या दिशेने हाकलेली एक मोटार तिच्यावर आदळली. टक्कर होऊन एकही मनुष्य मेला नाही. पण पेट्रोलची टाकी फुटून आग लागली व सत्तावीस जण त्या आगीत आणि धुरात गेले. टाकीच्या संरक्षणाविषयीचे नवे नियम १९७७ च्या एप्रिलमध्ये लागू झाले होते, आणि या गाडीचा सांगाडा त्याच्या थोडेच दिवस आधी तयार झाला होता. पाप मद्यप्याचे, याविषयी वाद नाही. तथापि कोणत्या सालची गाडी आपण घेत आहोत आणि तीत कोणाला बसवणार आहोत, हे विचारणे घेणाऱ्याकडेच येते. लिलावात माल ‘जसा आहे तसा, जेथे आहे तेथे’ विकला जातो. मनुस्मृतीने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत त्यांत क्रयविक्रयानुशय असे एक पद आहे. खरेदी-विक्रीनंतर पस्तावा झाल्यास दहा दिवसांच्या आत वस्तू परत करण्याची किंवा परत घेण्याची मुभा तेथे आहे. लिलावाच्या बाजारात पस्ताव्यास दहा घटकांचीही मुदत नसते.

येथवरचा विचार शहाणपणाचा झाला. नीतीचा खरा पेच लोखंडात नसून वरच्या रंगात आहे.

हा पिवळा रंग कोणा रंगाऱ्याची लहर नव्हे. १९३९ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क येथे, कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात, फ्रँक सायर या प्राध्यापकांनी एक परिषद भरवली. तोवर मुलांची वाहतूक कशीही चाले. कोठे घोड्यांच्या खटाऱ्यातून, कोठे वाटेल त्या रंगाच्या मोटारींतून. अठ्ठेचाळीस राज्यांचे अधिकारी, गाड्या बांधणारे आणि रंगतज्ज्ञ सात दिवस एकत्र बसले आणि त्यांनी चव्वेचाळीस नियम ठरवले. भिंतीवर फिकट लिंबाच्या रंगापासून गडद नारिंगीपर्यंतच्या पट्ट्या टांगून त्यांतून एक छटा निवडली गेली. पहाटेच्या अंधूक उजेडात तिच्यावर काळी अक्षरे चटकन उठून दिसतात, हे तिचे कारण. पुढे या रंगाभोवती कायदा उभा राहिला. बस थांबून तिचे तांबडे दिवे लुकलुकू लागले आणि डाव्या कुशीतून ‘थांबा’ अशी अष्टकोनी पाटी बाहेर आली की मागच्या मोटारीने थांबलेच पाहिजे, आणि मध्ये दुभाजक नसेल तर सामान्यतः समोरच्यानेही. आपल्याकडेही शाळेच्या बसगाड्या पिवळ्या असतात. परंतु ती थांबली म्हणून मागची मोटार थांबली, असा अनुभव वाचकांपैकी फारसा कोणास आला नसेल. तेथे तो रंग म्हणजे अनोळखी माणसांनी एकमेकांच्या मुलांविषयी केलेला करार आहे. घाईत असलेला धनिक, मालमोटारीचा हमाल, पोलिसास भिणारा आणि न भिणारा, सारे त्या रंगापुढे काही क्षण सारखेच उभे राहतात.

आता आपला खरेदीदार त्याच रंगाच्या गाडीत बसून निघाला आहे. गाडीत मूल नाही. मागे एक गादी, पाण्याचे डबे आणि हत्यारे आहेत. पण रस्त्यावरच्या माणसास हे काय ठाऊक? एंजिन तापले म्हणून तो एखाद्या आडरस्त्यावर कडेला थांबतो आणि वळून पाहतो तो मागे चार मोटारी मुकाट्याने उभ्या! त्यांनी दिलेला मान त्यास नको होता. त्याने तो मागितलाही नव्हता. तरी तो त्याच्या पदरात पडला. शाळामंडळाने त्यास लोखंड विकले, काच विकली, आसने विकली. लोकांचा हा विश्वास मंडळाच्या मालकीचा होता काय? मुळीच नाही. तो त्यांच्याकडे मुलांच्या वतीने सोपवलेला होता. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी अस्वामिविक्रय, म्हणजे मालक नसताना केलेली विक्री, हेही विवादाचे एक स्वतंत्र पद मानले आहे. आणि जे विकण्याचा अधिकार नव्हता ते घेणाऱ्याचेही होत नाही. (स्मृतींतील सारेच मान्य करावे असे नाही, हे सांगावयास नकोच, तथापि देण्याघेण्याच्या बाबतींत त्या पंडितांची नजर तीक्ष्ण होती.) मग खरेदीदाराजवळ हा विश्वास कोणत्या नात्याने राहिला? माझ्या मते निक्षेपाच्या, म्हणजे ठेवीच्या नात्याने. ठेवीदार मात्र असा की ज्याचे नाव-गाव माहीत नाही. ठेव स्वेच्छेने वापरून तीवर जगणारास याज्ञवल्क्याने दंड सांगितला आहे आणि ती वृद्धीसह परत करावयास लावली आहे.

ही दृष्टी एकदा स्वीकारली म्हणजे पुष्कळ बारीकसारीक प्रश्न सुटतात. न मागता मिळालेला मान हा दोष नव्हे. परंतु त्या मानाचा फायदा घेणे हा अपहार आहे. गर्दीत वाट मिळावी म्हणून दिवे लुकलुकवणे, शाळेच्या आवारात फुकट मुक्काम करणे, किंवा मागे मोटारी थांबल्या आहेत हे दिसत असून स्वस्थ बसून राहणे, ही सारी ठेवीतून केलेली उचल होय. उलट खाली उतरून, हात हालवून, ‘जा, येथे कोणी मूल नाही’ असे त्या चौघांस सांगणे ही ठेवीची राखण. निघण्यापूर्वी ‘स्कूल बस’ ही अक्षरे पट्टीने झाकणे, पाटीची आणि दिव्यांची तार सोडवणे, हेही त्यातच आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय रस्तासुरक्षा सूत्रांत, कायमची दुसऱ्या कामास लावलेली अशी गाडी दुसऱ्या रंगाने रंगवावी व तिचे दिवे आणि पाटी काढून टाकावी, असे म्हटलेले आहे आणि पुष्कळ राज्यांनी त्याचे कायदेही केले आहेत. पण गाडी घरी आल्यावर रंगवली, तरी वाटेतल्या तीन दिवसांचे काय? नीतीचा प्रश्न या तीन दिवसांतच राहतो.

कोणी म्हणेल, पाच लाखांत एका गाडीने तीन दिवसांत काय बिघडणार? हा आक्षेप मला मोजमापाच्या चुकीचा वाटतो. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतल्या पोराने गावाचा विश्वास एकाच रानात बुडवला. बाकीच्या रानांतले गुराखी खरे बोलत होते, याचा त्याला काही उपयोग झाला नाही. विश्वासाची हानी सरासरीने वाटली जात नाही. ती एका वळणावर, एका सकाळी होते. ते वळणही कल्पनेने पाहता येते. खेड्याचा रस्ता, सातची वेळ, धुके. फाटकाशी दप्तर घेऊन सहा वर्षांचे मूल उभे आहे. दुरून पिवळी गाडी दिसते. आपलीच, असे समजून ते रस्ता ओलांडून धावते. कारण ती थांबणार आणि तिच्या भोवतालचे सारे जग थांबणार, हे त्यास शिकवलेले आहे. अक्षरांवर पट्टी लावली होती, हे त्या मुलास कसे कळावे? त्याला रंग तेवढा कळतो. म्हणून माझे मत असे की, शाळेच्या वेळी अशा गाडीने आडरस्त्यांस जाऊच नये. तास-दीड तास चहा पीत बसावे, किंवा मोठा राजरस्ता धरावा. घरी पोहोचण्यास अर्धा दिवस उशीर होईल. तो ठेवीच्या राखणीचा खर्च समजावा.

रेल्वेच्या फाटकापाशी मात्र माझा निर्णय इतका सरळ राहत नाही. १९३८ च्या डिसेंबरात युटा राज्यात बर्फाच्या वादळात शाळेची बस मालगाडीखाली सापडून वीसहून अधिक मुले गेली. तेव्हापासून शाळेच्या गाडीने रुळांपाशी थांबून, दार उघडून कानोसा घेण्याची शिस्त कडक झाली. रिकाम्या गाडीच्या खाजगी मालकाने थांबावे काय? नियमाप्रमाणे त्याची आवश्यकता नसेल. पण मागची मोटार ही गाडी थांबणार असे धरून चालली आहे आणि पुढे कोणी मूल पाहत असेल तर तेही शिकत आहे. मी थांबेन. येथे थांबणे हे ढोंग नव्हे काय, असे विचारणारास मजजवळ समाधानकारक उत्तर नाही. एवढेच म्हणतो की, ज्या ढोंगाचा लाभ करणाऱ्यास होत नाही त्याला वेगळे नाव असावयास हवे.

याहून कठीण प्रश्न निराळाच आहे. समजा, आपल्या गृहस्थाच्या डोळ्यांदेखत एक मूल रस्त्यावर पडले आणि दोन्ही बाजूंनी मोटारी येत आहेत. तांबडे दिवे चालू असते, तर त्याने ते लावावे काय? ठेव ज्याची, त्याच्याच प्राणासाठी खर्च झाली, तर तो अपहार नसून परतफेड आहे, असे मला वाटते. मग तार आधी सोडवणारा मनुष्य या एका प्रसंगी दुबळा ठरला! हे मान्य करूनही मी तार सोडवूनच ठेवीन. आणीबाणीसाठी जवळ ठेवलेला परका अधिकार आणीबाणीची वाट पाहत नाही, हे निवृत्त अधिकाऱ्यांच्या मोटारींवरील जुन्या पाट्या पाहणारास सांगावयास नको.

काहींनी हा पेच रंगाच्या डब्यानेच मिटवला. केन केसी या कादंबरीकाराने १९६४ मध्ये शाळेची एक जुनी बस, योगायोगाने १९३९ सालचीच, विकत घेतली आणि मित्रमंडळींसह कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला नेली. निघण्यापूर्वी त्या मंडळींनी तिला इतके नाना रंग फासले की तिला पाहून कोणी मूल दप्तर उचलील, ही शक्यताच उरली नाही. त्यांच्या इतर वर्तनाविषयी मी काही बोलत नाही. पण या एका बाबतीत ते पुष्कळ सभ्य गृहस्थांहून निर्दोष होते.

निवृत्त बसगाड्यांचा सर्वांत लांबचा प्रवास मात्र दक्षिणेकडे, ग्वातेमालाकडे होतो. तेथील माणसे अमेरिकेतील लिलावांतून त्या घेतात, सारा मेक्सिको ओलांडून हाकीत नेतात, कारखान्यात त्यांचे एंजिन आणि गिअर डोंगरी रस्त्यांसाठी बदलतात, वर तांबडे-निळे-हिरवे रंग देतात, चकचकीत पत्रे ठोकतात आणि कपाळावर नवे नाव लिहितात. मग त्या बाजारकरणी, मजूर आणि पाट्यांतल्या कोंबड्या घेऊन धावू लागतात. आत मात्र इंग्रजी सूचना पुष्कळदा तशाच राहतात. कोठे जुन्या शाळामंडळाचे नावही पुसट दिसते. ते पुसण्याची तेथे कोणास घाई नाही, आणि नसावी हेही ठीकच. ती अक्षरे वाचून त्या रस्त्यावर कोणी थांबत नाही व कोणी मूल धावत येत नाही. टेक्सासच्या शेवटच्या गावात त्याच गाडीमागे मोटारी अजून जपून चालत असतात. नदीवरचा पूल ओलांडला, जकातीच्या नाक्यावर कागद तपासून झाले, की हाकणारा पुन्हा किल्ली फिरवतो आणि पुढच्या हजार मैलांत त्याला टायर, ब्रेक आणि वाटमारे यांखेरीज कोणाची काळजी वाहावी लागत नाही.