विहिरीत डोकावलास का?

हा अहवाल परत घे. चौदा पानं, रंगीत नकाशे, आणि एकाही पानावर विहीर नाही! मुळशीचा पाऊस घेतलास, त्याचे आठ टक्के काढलेस आणि लिहून मोकळा झालास, 'भूजल मुबलक'. मग वैशाखात इथल्या वाड्यावस्त्यांवर बाया हंडे घेऊन झऱ्याशी ताटकळतात त्या कशासाठी?

ताम्हिणीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो. तुझ्या हिशेबानं ४०० मिलिमीटर मुरलं. कुठे मुरलं, सांग ना! मुरूम आणि कुजका खडक मिळून आठ मीटर धर. अशा शंभर घनमीटर बेसॉल्टमधून जेमतेम दोन घनमीटर पाणी सुटतं. म्हणजे एका वेळी मावतं १६० मिलिमीटर. मोठ्या झडीत खडक भरला की पुढचं सगळं ओढ्याला आणि ओढ्यातून मुळेला. त्यात तू डोंगरही धरलेस. वीस टक्क्यांहून जास्त उताराची जमीन वगळायची, हे वर्गात किती वेळा घसा फोडून सांगितलं!

एवढ्यावर थांबला असतास तर लाल शाईवर भागलं असतं. पण तोच आठ टक्क्यांचा आकडा उचलून तू इंदापूरला चिकटवलास. मला राग आहे तो याचा. तिथे पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. समज, त्यातलं ४७५ उडून आणि वाहून गेलं, मुरलं २५. ते ४७५ मोजताना नुसते पाच टक्के चुकलास, तर २५ चं जवळजवळ शून्य होतं, नाहीतर दुप्पट. असल्या आकड्यावर विसंबून माणसं कर्ज काढून बोअर घेतात, बाळा. कोरड्या मुलखात पाणी मुरतं ते दोन-चार मोठ्या पावसांत. भुरभुर वरच्या मातीतूनच उडून जाते. म्हणून तिथे क्लोराइडचा ताळा घ्यायचा: पाणी उडतं, क्लोराइड मागे राहतं. पावसात लिटरला १ मिलिग्रॅम आणि विहिरीत ५०, तर मुरला पावसाचा पन्नासावा हिस्सा, १० मिलिमीटर. त्यातही गोठ्याशेजारची विहीर निवडलीस तर तोही आकडा फसवा.

भूजल सर्वेक्षणाची माणसं वर्षातून चारदा विहिरींची पातळी मोजतात. तू एकदाही नाही. उद्या सकाळी सातला पौडच्या एसटी थांब्यावर ये. टेप, दोरी आणि वही. मे संपायच्या आत पातळी घ्यायची, पुन्हा ऑक्टोबरात. विहिरीवर किती अश्वशक्तीचा पंप आहे आणि तो किती तास चालतो, हे मालकाला तूच विचारायचंस.